शिट्टी वाजली की पळायचं

आमच्या घरमालकीणबाई कुत्र्याला 'बेटा' म्हणायच्या आणि मला 'भाडेकरू'. त्यात गैर काही नव्हतं. बेटा लॅब्राडोर होता, दूधपोळी खायचा, वरच्या मजल्यावर झोपायचा. मी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या बिल्ट्या तपासायचो आणि खालच्या खोलीत राहायचो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नागपुरात नळ असलेली खोली मिळाली, यातच माझं समाधान होतं.

बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आणायचं ठरलं, तेव्हा खोली एकट्या माणसाला दिली आहे, अशी बाईंनी आठवण करून दिली. मग त्यांना स्वतःचा गुडघा आठवला.

"तुमचे बाबा सकाळी बेट्याला फिरवून आणत असतील तर राहू द्या ऑपरेशनपर्यंत. पण महापालिकेचं पथक फिरून राहिलं आजकाल. कुत्र्यानं रस्त्यावर केलं आन् उचललं नाही तर पावती फाडतात. माझ्या नावानं पावती आली, तर तुम्ही दोघंही सामान बांधा."

मी चौकातला पालिकेचा फलक वाचून आलो आणि खाटेवर बसलेल्या बाबांना एकेक नियम समजावला. गळ्यात पट्टा हवा, कुत्र्याचा परवाना हवा, घाण फिरवणाऱ्यानेच उचलायची.

"म्हणजे त्यानं बसायचं अन् म्या उचलायचं?"

"हो बाबा."

"जन्मभर शेण उचललं गा. त्याची गवरी तरी होते. याचं काय होते?"

"काही नाही. फक्त पावती होत नाही."

"बेटा हाय तं बाईनंच धुवावं त्याले," बाबा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जुने पेपर, प्लास्टिकची थैली आणि पाण्याने भरलेलं टमरेल घेऊन तयार होते. टमरेल कशाला, मी विचारलं. उचलल्यावर जागा धुवायची म्हणे. तसं नियमात नाही, असं मी सांगून पाहिलं.

"नेमात नसन. रीत हाय."

इथे गावाकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी गुड मॉर्निंग पथक यायचं, उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला. शिट्टी वाजली की निम्मं गाव टमरेल घेऊन तुरीत पळायचं. बाबा एकदा सापडले. पथकाने त्यांच्या हातात गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला आणि तो पंचायतीच्या भिंतीवर लावला. पुढे आमच्याकडे संडास झाला. फोटो फार चांगला आला म्हणून संडास झाला, असं आई अजून म्हणते.

त्यानंतरच्या रविवारी मी फाटकात उभा राहून दात घासत होतो. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बेट्याने आपलं काम उरकलं. बाबांनी वाकून पेपरात पुडी बांधली, ती थैलीत घातली आणि थैली बंडीच्या खिशात. एका हातात पट्टा, दुसऱ्यात टमरेल. खिशाशिवाय जागा नव्हती. तेवढ्यात पालिकेची गाडी वळली आणि कोणीतरी थांबा म्हणून शिट्टी फुंकली.

बाबा पळाले. त्यांच्या पायांनी डोक्याला विचारलंच नाही. धोतर, टमरेल, उडणारं पाणी. आणि हा नवाच खेळ समजून पुढे ओढणारा बेटा. मागे पथकातले दोघे.

"ओ काका! काहून पळून राहिले जी?"

गल्लीतली सगळी फाटकं उघडली. बेट्याने बाबांना सरळ आमच्या दारात आणून उभं केलं. पायरीवर बाई होत्याच.

"मी बसलो नाही साहेब!" बाबा धापा टाकत म्हणाले. "घरी संडास हाय! पोराच्या रूमवर बी हाय! विचारा त्याले!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडात ब्रश होता, मी नुसती मान डोलावली.

पथकातल्या बाईने विचारलं, "मग हे टमरेल?"

"हे याच्यासाठी." बाबांनी कुत्र्याकडे बोट केलं.

"कुत्र्याले धुता?"

"नाही वं माय, जागा धुतो!"

पथकातला साहेब वैतागला. "काका, आम्ही कुत्र्याचंच विचारून राहिलो. घाण कुठं आहे? तशीच टाकून पळाले का?"

घरमालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनातल्या मनात गादी गुंडाळायला घेतली.

बाबांनी खिशात हात घातला आणि प्रसाद द्यावा तशी थैली पुढे धरली. साहेबाने सवयीने हात पुढे केला. घेतल्यावर त्याला कळलं.

"गरम आहे," तो म्हणाला.

पथकातली बाई आधी हसली, मग सारी गल्ली. या कॉलनीत उचलणारा पहिलाच माणूस दिसला, म्हणत साहेबाने मोबाईल काढला. बाबा दोन पावलं मागे सरले. "फोटो नाही!" पण काढलाच. आयत्या वेळी घरमालकीणबाईही फ्रेममध्ये शिरल्या, बेटा त्यांचा होता ना.

संध्याकाळी बाई पहिल्यांदाच चहा घेऊन खाली आल्या. ऑपरेशननंतरही बाबांना महिनाभर राहू द्या, म्हणाल्या.

"गुडघा लयच दुखते वाटते बाईचा," त्या गेल्यावर बाबा पुटपुटले. मग कॉलनीच्या ग्रुपवर आलेला फोटो त्यांनी मोबाईल डोळ्यांशी नेऊन पाहिला, थैलीसकट.

"लोकाइनं माये दोनच फोटो पाहिले गा. दोन्ही हागण्यापायीच. पण आईले सांगशीन, या येळी बसणारा दुसरा होता."