आठ रिव्हेटचा तोफगाडा

माणसाला वेड असावं, पण त्या वेडाला चाकं असू नयेत, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. त्याच्या वेडाला चार चाकं होती, आणि वर आभाळाकडे तोंड केलेली लांब नळी. महायुद्धातल्या विमानविरोधी तोफा, त्यांचे गाडे आणि ते गाडे ओढणारे ट्रक यांच्यावर हा गृहस्थ तीस वर्षं संशोधन करत होता. सैन्यात कधी गेला नाही. रस्त्यात टायर फुटला तरी छातीवर हात ठेवायचा. गाडी म्हणाल तर सायकलच्या पुढे मजल नाही, घरातली स्कूटरसुद्धा बायकोच चालवायची. पण कुठल्या ट्रकच्या मागे गाडा अडकवायचा आकडा किती बोल्टचा होता, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा.

पोटापाण्यासाठी त्याने पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले. जमिनीखाली पाइप कुठून गेलाय हे खोदणाऱ्यांना त्याच्या कागदावरून कळायचं, आणि त्याच्या कागदावर भरवसा ठेवून खोदणाऱ्याची कुदळ कधी पाइपवर पडली नव्हती. खात्यात त्याला सगळे 'रिव्हेट' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता तो जुन्या फोटोवर भिंग धरून गाड्यांचे पत्रे जोडणारे रिव्हेट मोजत बसायचा, म्हणून.

त्याची कामाची पद्धत अशी. फोटोतलं चाक किती इंचांचं हे त्याला ठाऊक असायचं. त्यावरून तो नळीची लांबी, पत्र्याची उंची, उभ्या असलेल्या सैनिकाची उंचीसुद्धा काढायचा. एका फोटोवर आठवडा जायचा. मग एक कार्ड लिहून व्हायचं आणि बुटांच्या खोक्यात जायचं. पलंगाखाली एकवीस खोकी होती. घरात एवढे बूट कुणी घातले होते हे बायकोला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाच्या पुस्तकात चूक दिसली की त्याला चैन पडत नसे. एका चाकाच्या मापासाठी त्याने एका प्रकाशकाला चार पत्रं पाठवली होती, आणि पाचव्याला त्या बिचाऱ्याने हात टेकले.

एका विशिष्ट तोफेच्या गाड्यावर त्याचा फार जीव. त्याचे दोन नमुने होते, जुना आणि नवा, बाहेरून जुळे भाऊ. दोघांच्या डाव्या बाजूला एक गोल लोखंडी झाकण, चार नटांनी आवळलेलं. जुन्या नमुन्यात त्या झाकणामागे फक्त दातेरी चाकं आणि ग्रीस. नव्या नमुन्यात मात्र त्याच झाकणामागे माणसाच्या उंचीची पोलादी स्प्रिंग अर्ध्यावर दाबून कोंबलेली, नळीचं वजन तोलायला. नळी खाली झुकली की ती आणखी दाबली जायची. हे दोन नमुने बाहेरून ओळखायचे कसे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. याने सहा वर्षं घालून, दोनशेच्या वर फोटो पाहून ते शोधलं: झाकणाच्या बाजूच्या पत्र्याला आठ रिव्हेट असतील तर जुना, दहा असतील तर नवा. त्यावर त्याने चाळीस पानांचं पुस्तकही छापलं. लांबून लांबून पत्रं आली. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला 'सर' म्हणाले. इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबलं असतं तर पुढचं सांगायची वेळ आली नसती.

वीजघराच्या मागे झुडपांत तसाच एक तोफगाडा युद्धापासून पडून होता. जुन्या बस डेपोचं म्युझियम करायचं ठरलं तेव्हा तो तिथे आणला, आणि रंगरंगोटीचं काम मिळालं शेजारच्या गॅरेजवाल्याला. हा गॅरेजवाला म्हणजे त्याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती तेराची. म्हणायची भाऊ, पण वाढवला होता पोटच्या पोरासारखा. पंचेचाळिशीचा झाला, केस पिकले, तरी ताईच्या लेखी तो धाकट्याच.

गाड्याची नळी मान टाकल्यासारखी झुकून गंजली होती. उद्‌घाटनाला ती आभाळाकडे बघायला हवी, असं म्युझियमचं काम बघणाऱ्या बाईंचं म्हणणं. मेहुण्याने दाजींना बोलावून घेतलं.

"दाजी, हे झाकण काढल्याशिवाय नळी सुटायची नाही. आत काय आहे ते तुम्ही सांगा, मग मी हात घालतो."

तो गाड्यापुढे गुडघ्यांवर बसला. फोटोत आयुष्य गेलं, आणि आज खरा पत्रा हाताखाली. त्याने बोटाने रिव्हेट मोजले. आठ. उलटीकडून मोजले. आठच. चाकांच्या आसावरचा रंग नखाने खरवडून त्याने गाड्याचा नंबरही वाचला, चारशे सतरा. इतका आनंद त्याला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे बायकोने त्याला त्या रात्री तोंडावर सांगितलं. त्याने खिशातून कागद काढला आणि पाइपचा नकाशा मंजूर करावा तसं लिहून दिलं: आठ रिव्हेट, जुना नमुना, झाकणामागे फक्त दातेरी चाकं, बिनधास्त उघडा. खाली सही, तारीख.

"तुम्ही लिहून दिलंत ना, मग झालं," म्हणत मेहुण्याने कागद शर्टाच्या खिशात टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी एक पाकीट पाठवलं. युद्धाच्या काळात तोफा दुरुस्त करणाऱ्या फिरत्या वर्कशॉपचा रोजनामा होता त्यात, झेरॉक्स केलेला. त्यासाठी तो आठ महिने त्यांच्या मागे लागला होता. टेबलावर चहा ठेवून तो अधाशासारखा वाचत सुटला. सतराव्या पानावर नंबर दिसला. चारशे सतरा. पुढे दोन ओळी: डाव्या बाजूचा पत्रा बॉम्बच्या तुकड्याने फाटला, मोडीत काढलेल्या जुन्या नमुन्याच्या गाड्याचा पत्रा काढून बसवला, गाडा त्याच संध्याकाळी परत.

म्हणजे तोंड जुन्याचं आणि पोट नव्याचं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, त्याने ती पुढे कधीच कुणाला सांगितली नसली तरी. पहिलं पूर्ण मिनिट त्याच्या मनात मेहुणा नव्हताच. त्याच्या मनात आपला नियम होता. सहा वर्षांची मेहनत एका मिस्त्रीने एका दिवसात मातीत घातली याचा त्याला राग आला, आणि पुढच्या आवृत्तीत ही टीप कुठल्या पानावर घालावी याचा तो विचार करत राहिला. चहावर साय धरली. मग एकदम मेहुणा आठवला, आणि त्याने गॅरेजला फोन लावला.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"स्कूटर काढ," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. "धाकट्याकडे जायचंय. आत्ता."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुसत किल्ली घेतली. काय झालं ते तिने लाल सिग्नलपाशी विचारलं.

"त्या झाकणामागे स्प्रिंग आहे. सुटली तर समोरचा माणूस राहत नाही."

"मग त्याला कुणी उघडायला सांगितलं?"

"मी. लिहून दिलं."

आयुष्यात एकदाही सिग्नल न मोडलेल्या बाईने स्कूटर तशीच पुढे काढली. "घट्ट धरा," एवढंच म्हणाली. त्याने धरलं, पण तिच्या पाठीवरून आता तिच्या मनातलं काहीच कळेना, आणि त्याला स्कूटरवरून पडण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

डेपोत शांतता होती. फक्त गॅसचा सूं सूं आवाज. म्युझियमच्या बाई पार लांब, फाटकाशी वही घेऊन उभ्या. मेहुणा गाड्यापुढे, झाकणाच्या नेमका समोर. तीन नट काढून त्याने डब्यात ठेवले होते. चौथा गंजून बसला होता म्हणून स्टँडवरच्या गॅसच्या ज्योतीने तापवून लाल केला होता. पान्याच्या दांड्याला पाइप जोडून तो त्यावर अंगाचा भार टाकणार, इतक्यात बहीण ओरडली.

"धाकट्या! हात काढ!"

पोरगं रस्त्यावर धावलं की ओरडावं, तसा आवाज. त्याचा हात आपोआप निघाला.

"काय ताई, जीव घेशील एखाद्याचा."

"बाजूला हो तिथून," दाजी म्हणाला. "आत स्प्रिंग आहे."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"चुकलो मी."

मेहुण्याने झाकणाकडे पाहिलं. एका बाजूने ते नखभर उचललं गेलं होतं. पंचवीस वर्षं ट्रकखाली काढलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्याने पाना अलगद जमिनीवर ठेवला आणि भिंतीच्या कडेने, श्वास रोखून, त्यांच्याकडे आला. दहा पावलं. बहिणीने त्याची बाही धरली. झालं, सुटलो, असं त्याच्या दाजीला वाटलंही. मग मेहुण्याने मागे वळून पाहिलं.

"गॅस चालू राहिला."

"राहू दे!" दोघं एकदम म्हणाले.

"राहू दे काय? सिलिंडर आहे तिथे. सगळा डेपो जाईल."

गॅस चालू ठेवून हललेल्या कामगारांना तो कानाखाली देत असे. अशी सवय डोक्यात नसते, अंगात असते. त्याने बाही सोडवून घेतली, वाकून बाजूबाजूने गेला, अंग गाड्याच्या आड ठेवलं आणि फक्त उजवा हात पुढे करून चावी फिरवली. ज्योत विझली. विझली हे सगळ्यांनी पाहिलं. आणि लाल झालेला तो नट सुटला.

आवाज काही फार मोठा नव्हता, असं बाई नंतर सांगत. झाकण समोरच्या भिंतीत घुसून राहिलं.

हात कोपराच्या वरून काढावा लागला.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलात इन्स्पेक्टर आले. लोखंडी पलंग, दोन स्टुलं, खिडकीत औषधांच्या बाटल्या. बहीण पायाशी बसली होती आणि तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने सही केलेला कागद रक्ताने भिजलेल्या शर्टाबरोबर कधीच गेला होता. चार दिवस त्याने एकच वाक्य मनात घोळवलं होतं, मीच सांगितलं होतं, आणि आता ते ओठांवर आलं होतं.

"झाकण उघडायला कोणी सांगितलं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"कोणी नाही साहेब," उशीवरून मेहुणा बोलला. "मी माझ्याच मनाने उघडलं. दाजी येऊन बघणार होते, मला दम निघाला नाही."

इन्स्पेक्टरने लिहून घेतलं आणि मग ते भिंतीशी उभ्या दाजींकडे वळले. "तुम्ही यातले जाणकार म्हणे. तुम्हाला विचारलं नव्हतं?"

मेहुणा त्याच्याकडे बघत होता, थकलेल्या डोळ्यांनी सांगत होता की सोडा दाजी, मिटवून टाका. बायको जमिनीकडे बघत होती. तोंडात आलेलं वाक्य त्याने गिळलं. भीती कसली वाटली हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पोलिसांची असेल, लोकांची असेल, त्या 'सर' शब्दाची असेल.

"नाही," तो म्हणाला. "मला विचारलं नव्हतं."

इन्स्पेक्टरने तेही लिहिलं आणि वही मिटली.

बायको उठून बाहेर गेली. तो मागोमाग गेला. व्हरांड्यात ती बाकाची पाठ धरून उभी होती.

"तो बोलला, ते माझ्याकडे बघून बोलला," ती म्हणाली. "बहिणीचं घर राहावं म्हणून. तुम्ही कुणासाठी बोललात?"

मग डबा उचलून ती भावाला भरवायला आत गेली. त्याला डाव्या हाताने अजून घास घेता येत नव्हता.