खोतांच्या झोपाळ्यावरचं व्यवसाय मार्गदर्शन

तमाम विद्यार्थी, पालक आणि शिक्षणखात्याच्या साहेबांनो, शांतता राखा! मुलांचा व्यावसायिक कल ओळखणारं थोर केंद्र आमच्या गावात होतं. रत्नागिरीहून एसटीने जावं लागे. पाटी नव्हती. झोपाळा होता. त्यावर खोत बसत.

"हात दाखव गो," खोत म्हणाले.

मी दहावी पास झाले होते. त्यांच्या खळ्यात उन्हात उभी होते. बाजूला बाबा, साखरेची पुडी घेऊन. मी हात पुढे केले. खोतांनी हातांना स्पर्श केला नाही. वाकून पाहिले. बाजारात बैलाचे दात बघतात, तसे.

"दांडगे आहेत. आईला उचलशील. नर्सचा कोर्स कर."

आई म्हणजे त्यांची आई. अंथरुणाला खिळलेली.

रीतच होती. निकाल लागला की आम्हा कुणब्यांची पोरं साखर घेऊन आधी खोतांकडे. देवाकडे नंतर. खोत सांगतील तो कोर्स. खोतांच्या आंब्याच्या बागेतला पंप सारखा बिघडायला लागला, त्या वर्षी शेजारचा सुरेश वायरमन झाला. त्याला चित्रं काढायची होती. जीप आली, त्या वर्षी एक पोरगा ड्रायव्हर झाला. बागेला जे हवं, ते पोरांना आवडायचं! आम्ही हसायचो. हसताना मागे वळून बघायचो, कुणी ऐकलं का.

आता खरी गंमत ऐका. मला नर्सच व्हायचं होतं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरसारखं. बोरीच्या काट्याने मी आमच्या कोंबड्यांना इंजेक्शनं दिली होती. एकही कोंबडी दगावली नाही, हे अभिमानाने नमूद करते.

"शिकून आलीस की इथेच राहा," खोत म्हणाले. "मागच्या दाराने ये-जा. ताट तुझं तू आण."

माझ्यातली नर्स तिथेच मेली. हौस माझी होती. त्यांच्या तोंडातून बाहेर पडली आणि उष्टी झाली.

आणि त्याच उन्हात मला रेल्वेचे मोजणीवाले आठवले. मी लहान असताना ते सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, आले होते. तीन पायांचं यंत्र, लाल-पांढऱ्या काठ्या. टोपीवाला एक पोरसवदा साहेब यंत्राला डोळा लावून होता. शेजारी खोत उभे. उन्हात. माझी आंब्याची कोणती कलमं जाणार, असं विचारत. साहेबाने मान वर केली नाही. खोतांना कुणासमोर उभं राहिलेलं मी तेवढंच पाहिलं होतं.

"मी नाय करायची नर्स," मी म्हणाले. "पॉलिटेक्निकला जाणार. सिव्हिल. मोजणी शिकणार."

झोपाळा थांबला. कड्यांचा आवाज थांबला. खोत हसले.

"धोंडू, पोरीला ऊन लागलंय. घरी ने. घर आहे ना अजून?"

घर त्यांच्या जागेत होतं.

मग काही घडलं नाही. म्हणजे कुणी काही बोललं नाही. विहिरीवरचा दोर नाहीसा झाला. बाबांना बागेतून बोलावणं येईना. सुरेश मला बघून रस्ता बदलायला लागला. एका सकाळी आमच्या दारासमोर जांभ्या दगडाचे चिरे येऊन पडले. कशासाठी, कुणी सांगेना. रोज थोडे वाढत. आई झाडू घेऊन त्यांच्यापर्यंत जायची आणि परत फिरायची. दार उघडलं की आधी चिरे दिसायचे, मग आकाश.

नर्सिंग वाईट नव्हतं. मला ते आवडत होतं. ती आवड त्यांनी माझ्याकडून नेली. हे मी माफ केलेलं नाही, करणार नाही.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी खोत स्वतः आले. चिऱ्यांवर बसले.

"काय गो इंजिनेर, हा कुंपणाचा गडगा कुठून घालू? दारातून की चुलीवरून?"

मी म्हणाले, "कुठूनही घाला. मी उद्या जाणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बाबांना म्हणाले, "तू सांग रे तिला. तुझं ऐकेल."

बाबा आयुष्यभर खोतांच्या पायांकडे बघून बोलले होते. आई दारात उभी. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते आता काय बोलतील, त्यावर सगळं होतं. त्यांनी मान वर केली. मुंडासं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडले,

"पोर नाय बोलली ना तुमाला? आयकलात ना? मग उठा आता!"