धम्मानंदची धुतलेली सायकल

धम्मानंद रामटेके आमच्या मागच्या गल्लीत राहतो. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत तो ठेकेदाराकडून कामाला आहे आणि मनीषनगरहून रोज सायकलनं जातो-येतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं एवढ्या लांब सायकल कशाला मारायची, असं मला वाटायचं. विचारायला मात्र फार दिवस गेले. स्वतःहून कुणाशी बोलणं मला जमत नाही.

कारण साधंच निघालं. कंपनीची बस कायमच्या कामगारांना घेते, ठेक्याच्या माणसांना नाही. मेट्रो खापरीला संपते, आणि सकाळच्या पाळीला एसटी मिळेलच असा भरवसा नाही. मोटारसायकलचा प्रश्नच येत नाही. त्याचा मोठा भाऊ वर्धा रोडवर मोटारसायकलच्या अपघातातच गेला. तेव्हापासून धम्मानंदच्या बायकोनं, अंजनाबाईनं, घरात मोटारसायकल येऊ दिलेली नाही.

आधी त्याच्याकडे साधी काळी सायकल होती. पण रस्त्याच्या कडेला सारखी कुठली ना कुठली खोदाई चालू असते आणि गिट्टी पसरलेली असते. पंक्चर काढून काढून तो थकला. मग शेजारच्या इमारतीतल्या एका मुलानं हौसेनं घेतलेली आणि गच्चीवर पडून राहिलेली सायकल त्यानं विकत घेतली. जाड टायरांची, गिअरची, डोंगरदऱ्यांत चालवतात तसली. निळी झगझगीत. आमच्या नागपुरात डोंगर म्हणावा असा सेमिनरी हिल्सचा, आणि त्या बाजूला तो कधी गेला असेल असं मला वाटत नाही. पण गिट्टीवरून ती सायकल छान जायची.

धम्मानंद अतिशय स्वच्छ माणूस. पाळीवरून घामाघूम होऊन आला तरी आंघोळ केल्याशिवाय दारात कुणाशी बोलत नसे. यात स्वभावाचा भाग असेल, कामाचाही असेल. गिरणीत सूत कातताना कापसाचे बारीक तंतू उडतात, मशीनच्या सांध्यासांध्यांत जाऊन बसतात. हवेचा जोराचा पाइप घेऊन ते झाडावे लागतात. नाही झाडले तर धागा तुटतो, मशीन अडते, कधी आगही लागते. इतकी वर्षं त्यानं हेच केलं. आमच्या घरी माग होता, म्हणून मला हे थोडं कळतं. वडील मागावर बसण्याआधी फडकं घेऊन सगळा माग पुसायचे.

तर ही निळी सायकल तो दर रविवारी चौकातल्या वॉशिंग सेंटरवर न्यायचा. तिथे मोटारी धुतात. पाण्याचा प्रेशरचा पाइप स्वतः हातात घेऊन तो सायकल धुवायचा, मग हवेच्या पाइपनं वाळवायचा. सगळ्यात जास्त वेळ खालच्या भागाला, पायडलांच्या मधे, कारण चिखल तिथेच साचतो. सोमवारी सकाळी ती सायकल नवी वाटायची.

आणि दर थोड्या दिवसांनी ती बिघडायची.

दोन पायडलांच्या मधोमध सायकलच्या पोटात एक दांडा फिरतो. जुन्या सायकलीत त्याच्या दोन बाजूंना दोन कटोऱ्या असतात, त्यांत छर्रे. नव्या सायकलीत हे सगळं एका बंद डब्यात येतं. मेकॅनिक त्याला बीबी म्हणतात. धम्मानंदच्या सायकलीची बीबी टिकतच नव्हती. आधी कुरकुर, मग पाय मारताना दांडा डगडग हलायचा आणि साखळी उतरायची. मग तो उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालत जायचा, आणि पाळीला उशीर व्हायचा.

चौकात अनंतचं सायकलचं दुकान आहे. मी सकाळी तिथल्या बाकावर पेपर वाचत बसतो. धम्मानंद पहिल्यांदा आला तेव्हाचं मला आठवतं.

"अनंतभौ, बीबी बदलायची आहे."

बाजूला हवा भरायला आलेला दूधवाला लगेच म्हणाला, "घरी विचारलं का गा?"

सगळे हसले, धम्मानंदही हसला. दुसऱ्या वेळी कुणीतरी तेच म्हणालं, तेव्हा तो थोडंसं हसला. तिसऱ्या वेळेपासून तो नुसता बाकावर बसून राहायचा, बूट काढून, तळपाय दाबत.

अनंतचीही पंचाईत होती. साध्या सायकलीचा कोणताही भाग कोणत्याही सायकलीला बसतो. या सायकलींचं तसं नाही. प्रत्येकीच्या पोटाची रुंदी वेगळी, दांड्याची लांबी वेगळी. त्यानं पहिल्यांदा बसवली ती आखूड निघाली, पायडलाचा दांडा सायकलीच्या नळीला घासायला लागला. ती काढून लांब बसवली, तर साखळी तिरपी धावायची आणि गिअर उड्या मारायचे. शेवटी मापाची मागवली. ती अगदी नीट बसली, आणि काही आठवड्यांतच गेली. पुन्हा तीच मागवली, तीही गेली.

"माल डुप्लिकेट येऊन राहिला काकाजी," अनंत मला म्हणायचा. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "रस्तेच तसे आहेत." एकदा धम्मानंदच्या तोंडावर म्हणाला, "तुमचं वजन जास्त होते भौ या सायकलले."

धम्मानंदनं स्वतःकडे पाहिलं. तो काटकुळा आहे. "माहं वजन?" एवढंच म्हणाला.

घरी अंजनाबाई वेगळंच बोलायची. "सायकलचेच लाड करून राहिले हे. माह्या सिलाई मशीनले कधी तेल टाकलं का?"

पण चेष्टेचे दिवस हळूहळू संपले. गिरणीत ठेकेदाराचा सुपरवायझर पियुष नावाचा तरुण मुलगा आहे. तो वाईट नाही, धम्मानंदला काका म्हणतो. एके दिवशी त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "काका, वरून विचारणा होऊन राहिली. आता एकदा जरी उशीर झाला, तर महिनाअखेर तुमचं नाव कळमेश्वरले जाते. मग माह्या हातात काही नाही."

कळमेश्वरला त्या ठेकेदाराचं दुसरं काम आहे. ते शहराच्या पार उलट टोकाला. मनीषनगरहून सायकलनं तिथे रोज जाणं शक्यच नाही. म्हणजे काम सुटल्यातच जमा. त्याची मुलगी पायल तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे सगळं त्यानं मला आमच्या फाटकाशी उभं राहून सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, कोणत्याच सुरात नाही. मी म्हणालो, "होईल काहीतरी." तो "हाव" म्हणून गेला.

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. एरवी अनंत रविवारी दुकान बंद ठेवतो, पण दसऱ्याला सगळ्यांनाच गाड्या नीट करून हव्या असतात, म्हणून त्या दिवशी त्यानं उघडलं होतं. मी बाकावर होतो. समोर वॉशिंग सेंटरवर धम्मानंद सायकल घेऊन आला, पाइप हातात घेतला आणि खाली वाकून पायडलांच्या मधे पाण्याची धार सोडली.

अनंतच्या हातातला पान्हा तसाच राहिला. तो रस्ता ओलांडून पळतच गेला. मीही मागोमाग गेलो.

"ओ रामटेकेभौ! काय करून राहिले हे?"

"धुऊन राहिलो. दिसत नाही का?"

"असं कधीपासून धुता?"

"दर रईवारी."

अनंत तिथेच ओल्या फरशीवर उकिडवा बसला. "मी कंपनीले शिव्या देऊन राहिलो, रस्त्याले नावं ठेवून राहिलो, तुमचं वजन काढलं. आन तुम्ही दर रईवारी आतमंदी पानी भरून राहिले!"

"तो बंद डब्बा आहे म्हने ना?"

"पावसासाठी बंद आहे. या प्रेशरसाठी नाही. हे पानी आत घुसते, ग्रीस बाहेर फेकते. वरून तुम्ही हवा मारता, मग रेती बी आत जाते. छर्रे कोरडे पडून खातात एकमेकाले."

धम्मानंदनं पाइप बंद केला. त्याचा चेहरा मला सांगता येत नाही. चूक कळल्यावर माणूस वरमतो तसा नव्हता. कुणी म्हणावं की तू आयुष्यभर नीट केलं तेच चुकलं, तसा होता.

"मशीनले तं असंच साफ करतो आम्ही," तो म्हणाला.

"ते मशीन येगळं भौ," अनंत आता हळू आवाजात बोलत होता.

सायकल दुकानात आणून त्यानं खोलली. डब्यातून गंजाचं तांबडं पाणी निघालं. पण खरी गोष्ट पुढे होती. डबा जिथे फिरवून बसवतात तिथले उजव्या बाजूचे आटे सायकलीच्या पोटातच झिजून गेले होते. इतक्या वेळा काढघाल झाली, रेतीसकट झाली, आणि एकदा तर तिरपा गेलेला डबा त्यानं जोर लावून बसवला होता. हे अनंतनं स्वतःच कबूल केलं. "यात माही बी चूक आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "आता मापाची नवी आणली तरी ती धरणार नाही."

"मंग?"

"मंग जुन्या पद्धतीची कटोरी टाकायची आन वेल्डिंग मारून पक्की करायची. पुढं कधी निघणार नाही. छर्रे डाव्या बाजूनं खोलून बदलता येतीन, पण ही कटोरी गेली की सायकल गेली."

"किती दिवस चालते?"

"सांगता येत नाही भौ. चालीन तोवर चालीन."

धम्मानंद बाकावर माझ्या शेजारी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती. समोर लोक गाड्या धुऊन, पुसून घरी नेत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पायलचं शिक्षण होऊन जाव काकाजी, तोवर तं चालली पाहिजे." मग अनंतला म्हणाला, "मार वेल्डिंग."

मागच्या गल्लीतल्या ग्रिलवाल्यानं वेल्डिंग मारलं. निळा रंग तिथे करपून काळा झाला, फोड आले. धम्मानंदनं सवयीनं खिशातलं फडकं काढलं, करपलेल्या जागेवर एकदा फिरवलं आणि परत खिशात ठेवलं. अनंतनं आपल्या भंगाराच्या डब्यातून एक जुना दांडा शोधून बसवला. तो थोडा लांबच होता. त्यामुळे आता त्या सायकलीचे सगळे गिअर लागत नाहीत, मधले तेवढे लागतात. चालवायला जड जाते.

धुणं बंद झालं. अनंतनं बजावलं होतं की वरवर ओल्या फडक्यानं पुसायची, पाण्याची धार नाही. त्यामुळे चिखल सांध्यांत तसाच वाळून राहतो. सुरुवातीला त्याला ते बघवत नसे. घरी आला की सायकल भिंतीकडे तोंड करून लावायचा. वस्तीतले लोकही विचारायचे, "काहून गा धम्मानंद, सायकल शेतातून आणली का?"

पण उशीर झाला नाही. गिअर कमी म्हणून तो पूर्वीपेक्षा आधी निघतो. मला पहाटे जाग येते तेव्हा त्याच्या दारातला दिवा लागलेला असतो.

महिना संपला त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. मी असा कुणाकडे जात नाही, पण त्या दिवशी घरात बसवेना. तो नुकताच आला होता. पायरीवर बसून भिंतीला टेकला होता, पायात बूट तसेच. आंघोळही झाली नव्हती. शर्टावर कापसाचे तंतू होते.

"काय झालं गा?" मी विचारलं.

"गेले दोघं कळमेश्वरले. माहं नाव नव्हतं."

"मग बरं झालं."

"हाव," तो म्हणाला. "या महिन्यात तं नाही."

अंजनाबाई आतून चहा घेऊन आली. तोवर त्याचे डोळे मिटले होते, मान एका बाजूला कलली होती. मी उठवायला हात पुढे केला, तर तिनं मानेनंच नाही म्हटलं. कपावर बशी झाकून तो पायरीवर ठेवला आणि हळूच म्हणाली,

"झोपू द्या काकाजी. उद्या पुन्हा सकाळचीच पाळी आहे."