सातव्या महिन्यातली वरात

आमच्या बिल्डिंगच्या गेटातून सकाळी सगळ्यात आधी तिचं पोट बाहेर पडायचं. मग ती. आणि मागून तीन कुत्री. दूधवाला सायकल भिंतीला लावून बाजूला उभा राहायचा, वरात जाऊ द्यायचा आणि मगच आत यायचा. म्हणून तिचं नाव पडलं वरातवाली. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते सांगून तिला कोण ओळखणार? शिवडी नाक्यावर वरातवाली म्हटलं की पानवालासुद्धा हसतो.

माझ्या शेजारच्या दारातली सून ती. सासू नव्हती बिचारीला. नवरा बँकेत, सकाळी गेला की रात्रीच उगवायचा. दिवस राहिले तशी देवगडहून तिच्या आईचा मला फोन. "ताई, सातव्यात ओटी भरली की आम्ही न्यायला येतो. तोवर पोर तुमच्या पदरात टाकली हो." झालं! माझे गुडघे विचारायला कुणाला सवड?

पदरात टाकलेली पोर पदरात राहील तर शपथ. एरवी बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात, एखादीला माती खावीशी वाटते. हिला वारा लागायचा. "मावशी, घरात बसलं की मळमळतं हो. खाडीवर गेलं की थांबतं." आणि खाडीवर जायचं ते या तीन कुत्र्यांना घेऊन. पुढे मुकादम, म्हातारा, करड्या मिशांचा, सगळ्यांवर देखरेख करत चालणारा. मध्ये गुंडू. आणि कपाळावर काळा ठिपका असलेली टिकली. दोऱ्या कसल्या, तर माझ्याच जुन्या साड्यांचे काठ! मी बोहारणीसाठी काढून ठेवल्या होत्या, हिने परस्पर फाडल्या. विचारलं तर म्हणते, "भांड्यापेक्षा बऱ्या कामी आल्या ना?"

कुत्री बिल्डिंगची, म्हणजे कुणाचीच नाहीत. आवारात जन्मली, तिच्या हातचं खाऊन वाढली, तिच्याशिवाय कुणाचं ऐकायची नाहीत. चेअरमनना ती अजिबात नको होती, पण ते वरातवालीच्या तोंडाला घाबरायचे. जिन्यात उभं राहून, तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "सूनबाईंना माहेरी जाऊ दे. दुसऱ्या दिवशी पालिकेची गाडी बोलावतो आणि तिन्ही उचलायला लावतो." ती ऐकायची आणि चक्क गप्प बसायची. एवढी भांडकुदळ बाई गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिला एकटीला कशी सोडणार? मग मीही निघायची. एका हातात छत्री, पिशवीत पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचे लाडू, आणि तोंडात शिव्या. गोदामांच्या मधून, उभ्या ट्रकांना वळसे घालत आम्ही जायचो. ड्रायव्हर लोक दात घासत बघायचे. माघ सरत आलेला, सकाळचा गारवा अजून टिकून होता. गोदामाच्या भिंतीपाशी एक काटेसावर आहे. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं. तिच्याखाली ही बया बूड टेकायची आणि चिखलात उभ्या असलेल्या गुलाबी फ्लेमिंगोंकडे बघत बसायची. "बघा मावशी, सगळ्या बायका एका पायावर उभ्या, आणि कुणी गुडघ्याची तक्रार करत नाही." असा राग यायचा!

त्यात तिच्या फर्माइशी. "मावशी, वाकता येत नाहीये, एवढी दोरी धरा ना." धरली. दुसऱ्या दिवशी, "हाताला मुंग्या आल्यात, बिस्किटं तुम्हीच घाला." घातली. मग म्हणे, "घसा बसलाय माझा, जरा हाक मारा त्यांना." रस्त्यात उभं राहून, या वयात, "मुकादम, ये रे!" म्हणून ओरडले मी. एक ट्रकवाला खरंच वळून आला. ही पोट धरून हसते आहे. बसलेल्या घशाने इतकं मोठ्याने हसता येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रात्री तिचा नवरा घरी आला की मी त्याला सांगायची, "तिला जरा समजवा." तो बिचारा चष्मा पुसत म्हणायचा, "मावशी, तुम्ही बरोबर असता ना, मग मला काळजी नाही." दोघं मिळून मला गुंडाळायचे.

डोहाळजेवणाला मात्र मी ऐकणार नव्हते. गॅलरीत पाट मांडला, फुलांची वाडी आणली, हिरवी साडी नेसवली. सगळ्या मजल्यांवरच्या बायका जमल्या. ही म्हणाली, "लोक होडीत करतात, बागेत करतात. माझं कुत्र्यांबरोबर करा." मी म्हटलं, "ओटीच्या नारळाला तोंड लावलं त्यांनी तर तुला त्याच नारळाने मारीन." तरी आणलीच वर. अंघोळ घालून, कपाळाला कुंकू लावून!

ओटी भरून झाली आणि तिच्यापुढे दोन वाट्या पालथ्या ठेवल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. ती हात पुढे करणार तोच मुकादमने नाकाने दोन्ही वाट्या उलथ्या केल्या आणि पेढा, बर्फी, दोन्ही गट्ट. चेअरमनच्या बायकोने कपाळाला हात लावला. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, "जुळं गो बाय!" दुसरी म्हणाली, "छे, कुत्र्याने सांगितलेलं धरत नाहीत." त्यावर अर्धा तास वाद. मी बोट उगारून दरडावलं, "बस मेल्या!" आणि मुकादम मुकाट्याने खाली बसला. त्याच्या मागोमाग गुंडू. मग टिकली. पाटावरून ती माझ्याकडे बघत राहिली. एकदम डोळे भरून आले तिचे. मला वाटलं, आईची आठवण आली असेल.

दोन दिवसांनी भाऊ गाडी घेऊन आला. निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली. अगदी सहज वाकली! गाडी सुटली तशी तिन्ही कुत्री मागे धावली. नाका जवळच, बस येतायत, ट्रक येतायत. "मुकादम! गुंडू! टिकले! मागे फिरा!" ओरडले मी. तिघं थांबली. वळली. आणि येऊन माझ्या पायाशी बसली. पुढे गाडीच्या खिडकीतून तिने डोकं बाहेर काढलं होतं. रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती दोरी, ती बिस्किटं, तो बसलेला घसा! मी तिला सांभाळायला जात होते म्हणे!

दुसऱ्या दिवशी चेअरमन खाली उभे. "आजी, ही कुणाची कुत्री?"

"माझी," म्हटलं. "काही म्हणणं आहे?"

चेअरमन जिना चढून गेले.

तिला मुलगी झाली. मग नवऱ्याची बदली नाशिकला, आणि वरातवाली काही परत आली नाही. घर भाड्याने दिलं. मुकादम गेल्या पावसाळ्यात गेला. त्याला काटेसावरीच्या जवळ पुरलं. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "फुलं त्याच्यावर पडतील ना मावशी?"

पडतात. रोज बघते मी, कारण उरलेली दोघं मला सकाळी अंथरुणात राहू देत नाहीत. दार ओरबाडतात. मी दोघांना शिव्या घालते, मग तिला घालते, आणि छत्री घेऊन निघते. दूधवाला अजून सायकल बाजूला घेतो. वरात बघून हसतो मेला.

काल तिचा फोन आला. "मावशी, गुडघे कसे आहेत?"

"नाव काढू नकोस," म्हटलं.

बरे आहेत खरं तर. दोन वर्षांत इतके बरे कधी नव्हते. पण तिला एवढं कशाला सांगू?