व्हय म्हाराजा

बाबा गेले तेव्हा आई रडली नाही. तेराव्यापर्यंत मावश्यांनी वाट पाहिली, मग त्याही कंटाळल्या. "तिला मोकळी कर गं, नाहीतर आजारी पडेल," असं जो तो मला ऐकवायचा. मी काय तिला दावणीला बांधली होती? पण भीती मलाही वाटत होती.

म्हणून दादरला एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा होता, तिथे तिला नेलं. मनात साठलेलं बाहेर काढण्यावरचा सिनेमा, असं ऐकलं होतं. म्हटलं, सोनारानेच कान टोचलेले बरे.

भाऊ गेलेला एक माणूस सिनेमाभर गप्प असतो. शेवटी तो गच्चीवरच्या रिकाम्या टाकीचं झाकण उघडतो, आत डोकं घालतो आणि बोलायला लागतो. शब्द कळत नाहीत, नुसतं घुमतं. थोडं बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. अशाच एका थांबण्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आमच्या मालवणकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण सांगतो, तो थांबला की बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लालबागच्या आमच्या घरात गणपतीपुढे गाऱ्हाणं बाबा घालायचे आणि 'व्हय' म्हणताना आईचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. सवयीने तिच्या तोंडून गेलं. हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि सिनेमा संपला.

मग चर्चा. एक म्हणाला, त्याने टाकीत उडी घेतली. एका बाईंच्या मते टाकी म्हणजे आईचं पोट. मला वाटलं, बोलला, सुटला, संपलं. बसमध्ये आईला तसं सांगितलं.

"सुटलो खंयचो?" ती म्हणाली. "त्येका व्हय म्हणाक कोण होता?"

एवढे दिवस मी तिला 'रड, बोल' म्हणत होते आणि ती काही बोलायला लागली की 'जाऊ दे आता' म्हणत होते.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. कप मांडले आणि ओट्याकडे तोंड करून, बाबांच्याच चालीत सुरू झाली, "बा देवा म्हाराजा, ह्ये माका न सांगता गेले..."

ती थांबली. मला कळायला क्षणभर वेळ लागला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"अजून माझ्या हातून त्यांचो कप भरता, नि तसोच थंड होता..."

"व्हय म्हाराजा."

"आता गाऱ्हाणा कोण घालतला, म्हाराजा?" तिचा आवाज फाटला आणि ती ओट्याला धरून रडायला लागली.

आता माझ्याच तोंडून शब्द फुटेना. आईने पदराने नाक पुसलं आणि रडता रडताच मागे वळून म्हणाली, "व्हय म्हण गो."