कीथच्या हाताची नक्कल

तुम्हाला वाटत असेल, विलायतेत हेरगिरीच्या म्युझियममध्ये नोकरी म्हणजे पोरगा दिवसभर पेनात लपवलेली पिस्तुलं पुसत बसत असेल. सॉरी. आमच्याकडे पिस्तूल एकही नव्हतं. लेस्टरबाहेर बंद पडलेल्या एका शाळेच्या दोन खोल्या, महायुद्धातले नऊ वायरलेस सेट, त्यातले चालू चार. ते चार चालू ठेवायचे, एवढीच माझी नोकरी.

२००६ सालातला एक शनिवार. सकाळचे साडेदहा. मी मागच्या खोलीत मोर्सच्या कीसमोर बसलोय आणि कीथचा पत्ता नाही.

आता थोडं समजून घ्या. युद्धात हेर बातमी पाठवायचे ती वायरलेसवर, मोर्समध्ये. म्हणजे आपल्या तार ऑफिसातलं कडकट्ट. बातमी कोडमध्ये असायची, त्यामुळे चोरून ऐकणाऱ्याला ती कळायची नाही. पण पाठवणारा कोण, हे कळायचं. कारण मोर्सचा खटका, म्हणजे ती की, दाबायची प्रत्येकाची लकब वेगळी. एक घाईत ठिपके मारतो, दुसरा रेघ ओढत बसतो. ह्याला धंद्यात फिस्ट म्हणतात, मी सरळ 'हात' म्हणतो. शत्रूचा एखादा हात काल इकडून आणि आज तिकडून ऐकू आला, की समजायचं, त्याची पलटण हलली.

सबनीस आजोबांनी विशीत हेच केलं होतं. हिंदुस्थानात कानाला हेडफोन लावून जपान्यांचे हात ओळखायचे. पुढे लेस्टरला येऊन होजिअरीच्या कारखान्यात रिटायर झाले. आता त्र्याऐंशीचे. दर शनिवारी आमच्याकडे व्हॉलंटियर. मागच्या खोलीतून कीथ धरून आम्ही तिघं आळीपाळीने मोर्स पाठवायचो आणि पुढे पब्लिकसमोर आजोबा हात ऐकून नावं सांगायचे. आजी गेल्यापासून शनिवार सोडला तर त्यांच्या शर्टाला इस्त्री होत नव्हती.

आमची मॅनेजर जॅनेट वैतागली होती. आजोबांना कानाचं मशीन लागलं होतं, महिन्यात दोनदा चुकले होते. तिला तिथे एक बटण हवं होतं. दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. त्या शनिवारी दोन ट्रस्टी बघायला येणार होते. आजोबांनी तिन्ही नावं बरोबर सांगितली तर डेमो राहणार, नाहीतर बटण. आजोबांना हे माहीत होतं. टाय बांधून आले होते.

आणि कीथचा फोन आला. गाडी रिंग रोडवर बंद पडलीय.

"जॅनेटला सांग जाऊन," शीला म्हणाली. ती आमच्यातली तिसरी, रिटायर्ड टेलिफोन ऑपरेटर.

"सांगितलं तर ती डेमोच कॅन्सल करेल. आजोबा गेले मग."

"म्हणून?"

"म्हणून कीथ मीच."

शीलाने डोळे फिरवले. मला आजोबांची काळजी होती हे खरंच. पण खरं सांगू? दुसरं कारण मोठं होतं. चाळीसगावच्या शाळेत हेडसरांच्या आवाजात दोन वर्गांना सुट्टी देऊन टाकलेला मी माणूस. कीथ पूर्वी पोस्टमन. त्याचा हात मला पाठ होता. शेवटची रेघ लांब, शब्द संपला की थबकायचं, जसं काही फाटकाआड कुत्रं आहे का बघतोय. म्हटलं, बघूया म्हातारा फसतो का.

पहिली शीला. मी दाराला कान लावला.

"शीला," आजोबा म्हणाले.

मग मी, माझ्या हाताने.

"आमचा चाळीसगावकर."

टाळ्या. मग मी, कीथच्या हाताने. काय जमलं होतं! शीलासुद्धा तोंडावर हात ठेवून हसली.

 बाहेरून आजोबांचा आवाज. "हा कीथ नाही. मघाचाच पोरगा आहे. कीथची चेष्टा करतोय."

जॅनेटच्या कागदावर तिसरं नाव कीथ होतं. "थँक यू, मिस्टर सबनीस," ती म्हणाली. दवाखान्यात बोलतात तसा हळू आवाज. "तो कीथच होता. इट्स ऑल राइट."

"मॅडम, कीथ नाही."

"इट्स ऑल राइट. खरंच."

 दाराच्या फटीतून दिसलं, आजोबा हेडफोन काढून त्याची वायर गुंडाळत होते.

माझ्या वर्क परमिटच्या कागदांवर सही जॅनेटची असायची. तरी मी दार उघडलं.

"जॅनेट, कीथ आलेलाच नाही. तो मीच होतो."

ट्रस्टींपैकी एक जाडा गृहस्थ आधी हसला. मग जॅनेटला म्हणाला, "बटणाला हे जमेल?"

डेमो राहिला. मला लेखी वॉर्निंग मिळाली, ट्रस्टींची दिशाभूल केली म्हणून. कीथ एक वाजता आला, माझी नक्कल ऐकली आणि म्हणाला, "मी असं पाठवतच नाही."

दुपारी चहाला आजोबांसमोर जाऊन बसलो.

"आजोबा, ओळखलंत कसं?"

"कीथ दमला की त्याची रेघ लांबते. तू पहिल्या अक्षरालाच दमलास."

"पण बऱ्यापैकी जमलं होतं ना?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"गधड्या, अक्कल आहे का तुला? युद्धात आपल्या किनाऱ्यावर एक पोरगा पकडला होता. आपलाच, हिंदुस्थानी. जपान्यांनी शिकवून पाठवलेला. देश सोडवायला निघाला होता. साहेबाने त्यालाच सेटवर बसवला आणि खोट्या बातम्या पाठवायला लावल्या, तिकडे वाटावं की पोरगा मोकळाच आहे. मुद्दाम हात बिघडवून तो इशारा देतोय का, हे मी शेजारी बसून ऐकायचो. दोन महिने. मग साहेबाने एक सार्जंट आणला, तुझ्यासारखाच नकल्या. आठवडाभरात पोराचा हात उचलला त्याने. साहेबाने मला विचारलं, हुबेहूब आहे का? मी म्हटलं, येस सर."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी पोराची खुर्ची रिकामी. गरज संपली त्याची. कुठे नेला, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

मी त्यांच्या कपात गरम चहा ओतला. 

"परत दुसऱ्याचा हात उचललास तर कान उपटीन. आणि स्वतःचा आधी सुधार. तुझं क्यू अक्षर ऐकून ऐकून कान किटलेत माझे."