नामपूरची केस

कपाट आवरताना सायक्लोस्टाइल केलेला कागद सापडला. त्याला अजून शाईचा वास होता. नाशिकच्या कॉलेजात मी बी.कॉम.ला बुडालेल्या धंद्यांच्या केसेस शिकवायचो. ही नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याची होती; साठवणीच्या चाळीत माल सडून तो बुडाला होता. त्याचं नाव मी बदललं, गाव बदलायचं राहून गेलं.

"सगळा कांदा एकाच चाळीत सडवला? लय येडा माणूस, सर!" मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला, मीही हसलो.

पहिल्या बाकावरची सुनंदा उभी राहिली. "सर, ते माझे आप्पा. दुसरी चाळ आईच्या ऑपरेशनसाठी विकली होती."

"केसमध्ये नसलेलं बोलायचं नाही," मी म्हणालो.

तिनं खाली बसून त्याच कागदावर उत्तर लिहिलं: चूक मालकाची. मी दहापैकी दहा दिले. पोरगी शिकली, असं तेव्हा वाटलं होतं.

कागद न्यायला ती आलीच नाही.